भाची नव्हे, भाडेकरू!

तो फोन खाली ठेव आणि मी विचारते त्याची उत्तरं दे. त्या फ्लॅटची खिडकी कुठे उघडते? माहीत नाही. इमारतीचं नाव? 'लोकेशन पाठवतो म्हणालेत.' मालकाचं आडनाव? 'बाई, मी त्यांचा नंबर फ्लॅट अंकल म्हणून सेव्ह केलाय.' वा! दहावीला गणितात पंच्याण्णव गुण मिळवलेली माझी विद्यार्थिनी आज रात्री कुणा 'फ्लॅट अंकल'ला पंधरा हजार रुपये टोकन पाठवणार आहे. हे टोकन कशाचं, ते परत मिळतं की बुडतं, पावती कोण देतं, यातलं तिला काहीही ठाऊक नाही.

वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत, दोन महिन्यांचं प्रशिक्षण मिळालं, एकटी मुंबईला निघालीस, चांगलं केलंस. कौतुक करून झालं. आता कान उघडे ठेवून ऐक.

वांद्र्यात दोन बेडरूमचा, सोफा-फ्रिज-एसीसकट सजवलेला फ्लॅट महिना अठरा हजारांत कसा मिळतो, असा प्रश्न तुला का पडला नाही? तू अर्थशास्त्राची पदवीधर ना? त्या भावात तिथे धड एक खोलीसुद्धा मिळत नाही. बाजारभावाच्या पाव किमतीला कुणी घर देतो म्हणाला, तर त्याच्याकडे घर नाही एवढंच समजायचं. आणि तुझे हे अंकल सैन्यात आहेत, अचानक बदली झालीय, म्हणून घर दाखवता येत नाही. गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवलं की तू विरघळलीस. अगं, हा सोंगाचा प्रकार इतका जुना झालाय की पोलीस सांगून सांगून थकले. ओळखपत्र भलत्याच जवानाचं असतं, फोटो दुसऱ्याच कुणाच्या जाहिरातीतून उचललेले असतात. आधी टोकन, मग गेटपासचे पैसे, मग 'चुकून जास्त आले, परत करतो, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका'. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीही लागत नाही. पैसे येण्यासाठी पिन मागणारा चोरच असतो. हे पाठ कर. आणि कुणी फसलंच, तर रडत बसायचं नाही, त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार गेली, तरच ते अडवता येण्याची आशा असते.

पण माझा राग त्या भामट्यावर नाही. तो त्याचा धंदा करतो. माझा राग तुझ्यावर आहे, कारण तुला हे सगळं विचारायचं सुचलं होतं. 'विचारलं तर त्यांना वाईट वाटेल' म्हणून तू विचारलं नाहीस. मंडईत मेथीच्या जुडीसाठी तीन गाळे फिरतेस, दोन रुपयांवरून हुज्जत घालतेस, आणि हजारोंच्या व्यवहारात तुला भीड पडते? भीड भिकेची बहीण, हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं! चार माणसं बरोबर असली की एकाला नाही तर दुसऱ्याला शंका येते. एकट्या माणसाच्या शंका त्यालाच काढाव्या लागतात. ते जमणार नसेल तर एकटीनं प्रवासाला निघू नकोस.

आता भूगोल. जाहिरातीत लिहिलंय, 'बीकेसी पंधरा मिनिटांवर'. कुठून पंधरा मिनिटं? किती वाजता? रात्री दोनला रस्ता मोकळा असतो, तुझं ऑफिस सकाळी साडेनऊचं आहे. मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नाही, गाड्या किती बदलाव्या लागतात त्यावर मोजायचं. वांद्रे किंवा कुर्ला स्टेशनला उतरलीस तरी पुढे बस नाहीतर रिक्षा आहेच, आणि त्या रांगेत जाणारा वेळ जाहिरातीत कधी नसतो. भुयारी मेट्रोला थेट बीकेसी स्थानक आहे, आणि मरोळ नाक्याला ती घाटकोपर-वर्सोवा मेट्रोला मिळते. म्हणजे लांबचं मरोळ तुला जवळ पडेल आणि जवळचं एखादं घर लांब. नकाशा उघडून हे पाहिलंस? नाही. फ्लॅटच्या पडद्यांचा रंग मात्र मला तीनदा सांगितलास.

आणि जातेस कोणत्या महिन्यात? जून-जुलै. कुर्ला आणि शीव या नावांशी पावसाचं काय नातं आहे, ते पेपर वाचणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. थोडा जास्त पाऊस झाला की तिथले रूळ पाण्याखाली जातात. मिठी नदी त्याच भागातून माहीमच्या खाडीकडे जाते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा याच मिठीने हाहाकार केला होता. म्हणून तळमजल्याची खोली 'स्वस्तात मस्त' म्हणून घेण्याआधी कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारायचं, 'काका, इथे पाणी भरतं का? दुकानात कुठपर्यंत येतं?' तो हाताने खूण करून दाखवेल. त्याची खूण कुठल्याही जाहिरातीपेक्षा खरी.

मुळात दोन महिन्यांसाठी तुला अख्खा फ्लॅट हवाच कशाला? अकरा महिन्यांच्या करारावर दलाल सर्रास एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून घेतो. दोन महिन्यांसाठी तेवढीच दिलीस तर तुझं भाडं दीडपट झालं. हे तोंडी गणित आहे, कागद-पेन्सिलसुद्धा नको. वर अनामत अडकणार ती वेगळीच. थोड्या दिवसांसाठी राहणाऱ्याचे सरळ मार्ग ठरलेले आहेत. नोकरदार महिलांची वसतिगृहं आहेत, सरकारी योजनेतली आहेत, वायडब्ल्यूसीएसारख्या जुन्या संस्थांची आहेत. तिथे अर्ज आधी करावा लागतो, निघायच्या आदल्या रात्री नाही. पेइंग गेस्ट म्हणून राहता येतं. तीन मुलींच्या फ्लॅटमध्ये एक खाट रिकामी असते, ती मिळते. कंपनी पैसे देत असेल तर सर्व्हिस अपार्टमेंट. प्रत्येकात एक खोच आहे, ती ओळखायची. पीजीत विजेचं बिल भाड्यात आहे की एसीचा वेगळा मीटर आहे? जेवण रविवारी रात्री मिळतं का? गेट किती वाजता बंद होतं, आणि तुझं ऑफिस कधी सुटतं? मुलींच्या फ्लॅटमध्ये शिरायचं तर करार कुणाच्या नावावर आहे ते पाहायचं. मालकाच्या लेखी संमतीशिवाय त्या मुलींनी तुला घेतलं, तर मालक आला त्या दिवशी तुझी बॅग जिन्यात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यावर तू हसून मोकळी झालीस. दुसऱ्या एका घरमालकाने तुला सांगितलं ना, 'सोसायटीत कुणी विचारलं तर माझी भाची आहे म्हणून सांग'? आणि तुला ते प्रेमळ वाटलं! भाची? सख्ख्या मामाने कधी भाचीकडून महिन्याला पंचवीस हजार घेतलेत? त्याला सोसायटीला कळवायचं नाही, पोलिसांना कळवायचं नाही, करार करायचा नाही, म्हणून त्याने तुला भाची केलं. आणि तू ते नातं पत्करलंस की त्या घरात तू कुणीच नाहीस.

कायदा काय म्हणतो ते ऐक. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. त्याचं कलम ५५. भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा. ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'अकरा महिन्यांच्या आत नोंदणी लागत नाही' ही दलालांची आवडती पुराणकथा आहे. १९०८च्या नोंदणी कायद्यातल्या एक वर्षाच्या मर्यादेवरून ती जन्मली, महाराष्ट्रात ती चालत नाही. दोन महिन्यांच्या करारालाही नोंदणी लागते. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारला म्हणजे नोंदणी झाली, असंही नाही.

त्याच कलमात तुझ्या फायद्याची गोष्ट आहे. नोंदलेला लेखी करार नसेल, तर कोणत्या अटींवर घर दिलं याबाबत भाड्याने राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. पण त्यासाठी तू भाड्याने राहत होतीस हे तरी दिसायला हवं ना? रोख पैसे दिलेस, पावती घेतली नाहीस, वॉचमनला 'मी भाची' म्हणून सांगितलंस. आता अनामत बुडाली तर कोणत्या तोंडाने भांडशील? सोसायटीचे सेक्रेटरीच साक्ष देतील की ही पाहुणी होती.

खर्चाचं म्हणशील तर तोही मांडते. पंचवीस हजारांप्रमाणे दोन महिन्यांचे पन्नास हजार. मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे सव्वाशे रुपये. अनामतीवर दहा टक्के व्याज धरून त्याचाही पाव टक्का भरायचा, ते दोन-चार रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. आधार आणि बोटांचे ठसे देऊन हे ऑनलाइन होतं. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं हेही मालकाचं काम, तेही मुंबईत ऑनलाइन होतं. एवढ्यासाठी जो मालक टाळाटाळ करतो, तो उद्या गळका नळ दुरुस्त करील असं तुला वाटतं? ज्या घरात पोलिसांना तुझा पत्ता कळू द्यायचा नाही, त्या घरात तू पहिली रात्र तरी का झोपावंस?

मालक खरा आहे का, हे कसं पाहायचं? विजेचं ताजं बिल माग. त्यावर नाव आणि पत्ता असतो. शहरात बेस्टचं बिल येईल, उपनगरात अदानी किंवा टाटाचं, मुलुंड-भांडुपला महावितरणचं. ठाण्याच्या फ्लॅटसाठी बेस्टचं बिल दाखवलं तर तिथूनच परत फिर. खरेदीखताची सूची क्रमांक दोन, म्हणजे ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात, ती माग. त्यातलं नाव, बिलावरचं नाव आणि पैसे ज्या खात्यात जाणार त्यावरचं नाव, तिन्ही जुळली पाहिजेत. 'पैसे माझ्या मेव्हण्याच्या खात्यात टाका' म्हटलं की नमस्कार करायचा.

घर पाहायला दिवसा जायचं, कुणालातरी पत्ता कळवून जायचं, शक्य तर एखादी मैत्रीण बरोबर न्यायची. आत गेल्यावर सोफ्यावर बसून चहा पीत बसू नकोस. नळ सोड, पाणी किती वाजता येतं विचार. दाराची कडी आतून नीट लागते का, दाराला बाहेर पाहायचं भोक आहे का, कुलूप बदलून मिळेल का, जुन्या चाव्या कुणाकुणाकडे आहेत, हे विचार. राहायला येशील त्या दिवशी भिंती, गाद्या, मीटरचं रीडिंग, सगळ्याचे फोटो काढून मालकालाच पाठव, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाईल. निघताना 'रंग द्यावा लागेल' म्हणून अनामत कापतात, तेव्हा हेच फोटो बोलतील. अनामत किती दिवसांत परत, आधी निघालीस तर किती कापणार, हे करारात लिहून घ्यायचं. आणि मुदत संपली की त्या दिवशी निघायचं. रेंगाळलीस तर त्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट भाडं मागायचा हक्क मालकाला आहे. नियम तुलाही आहेत.

म्हणजे काय करायचं? अंकलला आज नाही, उद्या नाही, कधीच पैसे पाठवायचे नाहीत. वसतिगृहांना सकाळी फोन लावायचे. जागा मिळाली नाही, तर पहिल्या चार-पाच रात्री नोंदवहीत नाव लिहून घेणाऱ्या साध्या लॉजवर किंवा अतिथिगृहात काढायच्या, दिवसा ऑफिस, संध्याकाळी उजेड आहे तोवर घरं पाहायची. चार रात्रींचा खर्च जास्त वाटतो? मग वांद्र्याच्या रस्त्यावर रात्री दहाला दोन बॅगा घेऊन, अस्तित्वात नसलेल्या इमारतीचा पत्ता विचारत फिरायचा खर्च किती, तोही मांड.

तुझ्या आईवडिलांनी तुला एकटीला पाठवायचं ठरवलं, ते तुझ्या हुशारीवर विश्वास ठेवून. ती हुशारी गुणपत्रिकेत अडकवून ठेवू नकोस. मालकाला वाईट वाटेल, दलाल चिडेल, सेक्रेटरी कपाळाला आठ्या घालतील; घालू देत. जिथे तुझ्या नावाचा करार नाही आणि निदान तुझ्या नावाची, तारखेची, अनामतीची पावतीही नाही, तिथे बॅग उघडायची नाही.