दाराबाहेरची थंडी



डिसेंबर उजाडला की आपल्या घरांत एक वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येते : "बाहेर जाऊ नकोस, थंडी लागेल." हे आपण प्रेमापोटीच बोलतो. आपल्या आईनेही ते आपल्याला ऐकवले होते. फरक इतकाच, की आपण ते ऐकून न ऐकल्यासारखे करीत शेताकडे पळत होतो आणि आजचे मूल पांघरुणात शिरून मोबाईल पाहत बसते. मुलाला थंडीपासून वाचवताना आपण त्याला आणखी कशाला तरी मुकवत तर नाही ना, याचा विचार करायला हवा.

या दिवसांत केदारखेड्याच्या शिवारात सकाळी एक फेरी मारावी. पूर्णेच्या पात्रावरून गार वारा येत असतो. हरभऱ्याच्या पानावरून बोट फिरवून जिभेला लावले की आंबट लागते, ती आंब. पूर्वी बायका रात्री पिकावर फडके पसरीत, सकाळी ते पिळून आंब साठवीत आणि पोट दुखले की देत. ज्वारी हुरड्यावर आली की भोरड्यांचे थवे उतरतात. मध्य आशियाकडून हजारो किलोमीटर उडून आलेले हे पाहुणे आपल्या कणसांवर ताव मारतात. मग आगटी पेटते, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसे भाजली जातात आणि गरम हुरडा तळहातावर चोळताना मुलांचे हात आपोआप शेकले जातात. रात्री आभाळ निवळ असते. कृत्तिकांचा पुंजका, मृगाचे ओळीतले तीन तारे, खाली लखलखणारा व्याध. मे महिन्याच्या मध्यरात्री हे दाखवू म्हटले तर दिसायचे नाही. यातले बहुतेक सारे थंडीच देते, आणि तेही दाराबाहेर.

आजारपणाचे काय? सर्दी होते ती विषाणूंमुळे, आणि बंद खोलीत सगळे दाटीवाटीने बसले की ते अधिक पसरतात. ऊन वर आले की स्वेटर, कानटोपी, पायमोजे घालून मूल खुशाल बाहेर खेळू द्यावे. दम्याचा त्रास असलेल्या मुलाबाबत डॉक्टरांना विचारावे. शेकोटीजवळ नायलॉनचे कपडे नकोत. दारेखिडक्या लावून आत शेगडी पेटती ठेवून झोपणे मात्र बाहेरच्या थंडीपेक्षा कितीतरी घातक आहे, कारण तिच्यातून निघणारा विषारी वायू झोपेतच जीव घेतो. काळजी आणि भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काळजी मुलाच्या अंगावर स्वेटर चढवते. भीती दाराला कडी लावते.

इथेच थांबलो असतो तर हा लेख सोपा झाला असता. पण त्याच थंडीत, त्याच पहाटे दुसरे एक मूल आधीच बाहेर असते. दिवाळीच्या सुमारास जालना, बीड या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपेपर्यंत पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोपीत राहतात. आईबाप अंधारातच फडात उतरतात. मूल फडाच्या कडेला गोधडीत गुंडाळलेले असते, किंवा धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेले असते. त्यालाही उगवता सूर्य दिसतो, त्यालाही कृत्तिका दिसतात. ते निसर्गाच्या सान्निध्यात वाढते आहे, असे म्हणण्याचे धाडस आपण करू काय?

म्हणजे नुसते बाहेर असण्यात आनंद नाही. गारठलेले हात घेऊन परत यायला ऊबदार घर असले, तरच थंडीची मौज वाटते. आपल्या मुलासाठी जी मजा, तीच दुसऱ्यासाठी शिक्षा. आणि या दोघांच्या मध्ये असते ते फक्त एक दार.

विचारवंत रूसो यांनी १७६२ साली 'एमिल' या ग्रंथात मुलांना मोकळ्या हवेत, थंडीवाऱ्याची सवय लावून वाढवावे, असे प्रतिपादन केले. आजही शिक्षणशास्त्रात त्याचा आदराने उल्लेख होतो. पण याच रूसोंनी आपली पाचही मुले जन्मताच अनाथालयात दिली, आणि हे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात कबूल केले. बालपणावर प्रेम करणे सोपे असते; समोरच्या एका मुलाची जबाबदारी घेणे अवघड.

ती घेणारी माणसे आपल्याच महाराष्ट्रात झाली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ते वाढवले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. रान तेच, गुरे तीच. पण आता त्या मुलांकडे पाहणारे, त्यांची वाट पाहणारे कोणीतरी होते. ऊसतोड कामगारांच्या मुलांनी गावातच राहून शिकावे म्हणून शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना आणली, तिच्यामागेही हाच विचार आहे. पण योजना कागदावरून मुलापर्यंत पोहोचायला गावाने चौकशी करावी लागते.

तेव्हा आपल्यापुढे दोन कर्तव्ये आहेत. एका मुलाला दार उघडून द्यायचे आहे, दुसऱ्याला दार मिळवून द्यायचे आहे. पहिले करून दुसरे विसरलो तर ती नुसती सहल झाली.

येत्या आठवड्यात मुले नाताळचा गोठा सजवण्यासाठी गवत, माती, फांद्या आणायला निघतील. त्यांच्याबरोबर आपणही जाऊ या, मोबाईल घरी ठेवून. उतारशाळेत जागा नव्हती म्हणून ज्याला गव्हाणीत निजवावे लागले, त्या बाळासाठी ते गवत आहे, हे वाटेत त्यांना सांगू या. आणि परतताना आपल्या गावातून कोण कोण ऊसतोडीला गेले, कोणाची लेकरे आजीजवळ मागे राहिली, त्यांच्याकडे पांघरूण आहे का, एवढे त्या घरी जाऊन विचारू या. मुलांना बरोबर घेऊनच विचारू या.