आव्यातले मडके आणि प्लगिनची नवी आवृत्ती

ब्राउझरमधून व्हिडिओवर बोलता यावे म्हणून जोडलेल्या प्लगिनला अपडेट येते, तेव्हा वापरणाऱ्याला फारसे काही दिसत नाही. कालपर्यंत आवाज घुमत होता, आज घुमत नाही, एवढेच. नाव तेच, चिन्ह तेच, कॅमेऱ्याची आणि माइकची एकदा दिलेली परवानगीही तशीच चालू. आतला कोड मात्र बदललेला असतो, कधी एखादी ओळ, कधी जवळजवळ सगळा. मग ज्याच्या भरवशावर घरातला कॅमेरा उघडून दिला, तोच हा प्लगिन आहे का? बदलून गेलेली वस्तू तीच राहते का, हा दर्शनशास्त्रातला जुना प्रश्न इथे रोजच्या व्यवहारात येऊन उभा राहतो.

भारतीय परंपरेत या प्रश्नाची फार नेमकी चर्चा कुंभाराच्या आव्याभोवती झाली. कच्चे काळपट मडके आव्यात जाते आणि लाल होऊन बाहेर येते. वैशेषिक दर्शनाचे विचारवंत म्हणतात, आगीच्या माऱ्याने मडक्याचे परमाणू सुटे होतात, सुट्या परमाणूंचा रंग पालटतो आणि त्यांचेच नवे मडके जुळून येते. हे इतक्या झटकन होते की मधला खंड कोणाला कळत नाही. हा पीलुपाकवाद, पीलु म्हणजे परमाणू. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या विचारवंतांना, हे पटले नाही. मडकी खरोखर विरघळत असती तर त्यांच्यावर रचलेली मडकी कोसळली असती, असे ते म्हणत. शिवाय फटीतून डोकावले तर आतले मडके अखंड दिसतेच. आग आत शिरल्याशिवाय आतला भाग भाजणार कसा, हा वैशेषिकांचा प्रश्न. मडके सच्छिद्रच असते, पाणी झिरपते तसा अग्नीही शिरतो, हे त्यावरचे नैयायिकांचे उत्तर. म्हणून त्यांच्या मते अख्खे मडकेच भाजते, पालटतो तो फक्त रंग. हा पिठरपाकवाद, पिठर म्हणजे भांडे.

सॉफ्टवेअरची भाषा नैयायिकांची आहे. ‘बग काढला’ असे म्हणताना वस्तू जागच्या जागी राहिली आणि तिच्यातला दोष तेवढा गेला, असे गृहीत धरलेले असते. एक साधा बग घ्यावा. बोलणे संपवून खिडकी मिटली तरी कॅमेऱ्याचा दिवा जळतच राहतो, कारण चित्रप्रवाह थांबवण्याची सूचना कोडमध्ये राहून गेलेली असते. ती एक ओळ घातली की दिवा विझतो. पण संगणकात प्रत्यक्ष घडते ते वैशेषिकांच्या सांगण्याच्या जवळचे आहे. क्रोम ब्राउझरमध्ये एक्स्टेंशनचे, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या अशा छोट्या प्रोग्रामचे, अपडेट आवृत्तीच्या आकड्याच्या वेगळ्या फोल्डरमध्ये उतरते. ‘१.४.२_०’ या फोल्डरशेजारी ‘१.४.३_०’ तयार होते, ब्राउझर नव्याकडे वळतो आणि जुने पुसले जाते. दुरुस्ती एका ओळीची असली तरी मडके पुरते नवे असते.

‘तोच हा’ अशी ओळख पटते, म्हणून वस्तू तीच, असे नैयायिक मानतात. या ओळखीला ते प्रत्यभिज्ञा म्हणतात. बौद्ध दार्शनिकांनी याच ठिकाणी बोट ठेवले. कापलेले केस पुन्हा वाढले की तेच वाटतात, रात्रभर जळणारी ज्योत एकच वाटते; सारखेपणालाच आपण एकपणा समजतो. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्खू मिलिंद राजाला एक दृष्टांत देतात. आंबे चोरणारा पकडला गेल्यावर म्हणतो, मालकाने जमिनीत लावलेले आंबे वेगळे होते, मी तोडले ते वेगळे. राजा त्याला दोषी ठरवतो, कारण तोडलेले आंबे लावलेल्या आंब्यांतूनच आलेले असतात. बगच्या बाबतीत हा दृष्टांत तंतोतंत लागू पडतो. मागच्या आवृत्तीत दिवा जळत राहिला आणि कोणाचे खासगी बोलणे उघडे पडले, तर ‘ती आवृत्ती आता नाहीच’ असे म्हणून निर्मात्याला सुटता येत नाही. वस्तू बदलली तरी तिच्यामागची जबाबदारी अखंड वाहत येते.

एक्स्टेंशनची ओळख ठरवण्याची रीतही, नकळत का होईना, याच विचारावर उभी आहे. क्रोममध्ये प्रत्येक एक्स्टेंशनला ३२ अक्षरांची एक ओळख असते आणि ती सगळी अक्षरे इंग्रजी ‘ए’ ते ‘पी’ एवढ्यांतलीच असतात. ही ओळख कोडवरून काढत नाहीत. ती निर्मात्याच्या सार्वजनिक किल्लीवरून निघते. म्हणून आतली प्रत्येक ओळ बदलली तरी ओळख तीच राहते, आणि कोड अक्षरशः तसाच ठेवून दुसऱ्या किल्लीने नोंदवला तर तो परका ठरतो. ‘तोच’ म्हणजे ज्याच्यामागे तोच कर्ता उभा आहे तो. परवानगीलाही इथे मान आहे: नव्या आवृत्तीने आणखी मोठे अधिकार मागितले, तर वापरणाऱ्याने पुन्हा होकार देईपर्यंत क्रोम ते एक्स्टेंशन बंद ठेवतो.

तरीही किल्ली पुरी पडत नाही, कारण ती हस्तांतरित होते. न वापरलेले टॅब झोपवणारे ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे लोकप्रिय एक्स्टेंशन २०२० मध्ये मूळ निर्मात्याकडून दुसऱ्याच्या हाती गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक ठरवून काढून टाकले. नाव आणि ओळख दोन्ही शाबूत होती, बदलला होता हेतू. बग हा चुकीने राहिलेला दोष आहे, तो क्षम्य असतो. वापरणाऱ्यांना न सांगता त्यांचा विश्वास दुसऱ्याच्या स्वाधीन करणे ही निराळी, कितीतरी गंभीर गोष्ट आहे. अशा वेळी ‘तोच प्लगिन’ हे शब्द खोटे होतात, मग कोडमधली एकही ओळ बदललेली नसो.

व्हिडिओ-संवादाच्या जुन्या प्लगिनचा शेवट अपडेटने झाला नाही. २००८ मध्ये जीमेलवर व्हिडिओ संवाद सुरू झाला, तेव्हा त्यासाठी वेगळा प्लगिन बसवावा लागे. असे प्लगिन नेटस्केपच्या काळापासून चालत आलेल्या ‘एनपीएपीआय’ या पद्धतीने ब्राउझरला जोडले जात आणि त्यांना संगणकावर फार मोकळीक मिळे. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमच्या ४५व्या आवृत्तीने ही पद्धत कायमची बंद केली. तोवर कॅमेरा आणि माइक हाताळण्याचे काम खुद्द ब्राउझरमध्ये सामावले होते. २०११ मध्ये खुले झालेले ‘वेबआरटीसी’ हे त्याचे तंत्र जानेवारी २०२१ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचे अधिकृत मानक झाले. आता परवानगी मागते ते संकेतस्थळ, आणि होकार नोंदला जातो तो त्याच्या पत्त्याच्या नावे. त्या पत्त्यावरचा कोड पान उघडावे तेव्हा नवा उतरू शकतो, आणि त्याला वापरणाऱ्यासमोर आवृत्तीचा आकडाही नसतो.