उदकदान

संतसज्जनहो, भारती युद्धाच्या अठरा दिवसांची कथा आपण पुष्कळ ऐकतो, पण युद्ध सरल्यावरचे स्त्रीपर्व कीर्तनाला फारसे कोणी लावीत नाही. रणात प्रेतांचा खच पडला आहे, गांधारी आपले पुत्र ओळखीत शोक करते आहे. तेव्हा धर्मराजाने विदुर, संजय, धौम्य यांना आज्ञा केली की, दूरदेशीचे, ज्यांचे इथे कोणी नाही, अशांनाही यथाविधी अग्नी द्या. मग सारे गंगेवर उदक द्यायला गेले. तिथे कुंतीच्या तोंडून निघाले, "कर्णालाही पाणी द्या रे, तो तुमचा थोरला भाऊ!" ज्याला मारले त्यालाच पाणी.

हा प्रसंग घेतला तो नाईक यशवंत घाडगे यांच्यासाठी. माणगाव तालुक्यातले पळसगाव त्यांचे गाव. जन्म १९२१ चा. शेतकऱ्याचा मुलगा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत गेला. राज्य परक्यांचे, युद्धही परक्यांनीच पुकारलेले. पण इटलीत पन्नास हजारांवर हिंदी सैनिक लढले, त्यात हा एक.

१० जुलै १९४४. आषाढाचा वद्य पक्ष, म्हणजे कोकणात भाताच्या लावणीचे दिवस. तिकडे टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात यशवंतरावांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. सगळे सोबती मेले किंवा जायबंदी झाले, उभे राहिले ते एकटे. ते तसेच धावत गेले. हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही गारद केले. दुसऱ्याला गोळी घातली. मॅगझीन बदलायला उसंत नव्हती, म्हणून आपली बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केले. लगेच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून तेही पडले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पदक घरी आले, माणूस नाही.

आता माळकरी विचारील, "बुवा, मुंगी चुकवून पाऊल टाकणारे आपण, दस्त्याच्या त्या घावांचे काय करायचे?" प्रश्न खरा आहे. सभेतले भाषण तो टाळते, टाळ्या घेऊन मोकळे होते. मला त्या घावांचे कौतुक सांगवत नाही, आणि ते झाकून यशवंतरावांना नमस्कार करणेही पटत नाही. आपल्या पडलेल्या माणसांना टाकून ते मागे फिरले नाहीत, एवढे माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

माणगावात त्यांचा पुतळा आहे. इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर, ज्यांच्या समाधीचा ठाव नाही अशा चार हजारांहून अधिक वीरांमध्ये त्यांचे नाव कोरले आहे. आणि २०२३ साली त्याच खोऱ्यातल्या मोंतोने गावाने त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघटिका उभारली. तीवर लॅटिन अक्षरे आहेत. अर्थ असा की, आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत. बघा, कोण कुठला कोकणातला पोर, आणि परमुलखातले गाव त्याची आठवण उन्हात जागी ठेवते!

येत्या सर्वपित्रीला तर्पण कराल, तेव्हा ज्यांना पाणी देणारे कोणी नाही त्यांच्यासाठीही ओंजळ सोडायची असतेच. त्या ओंजळीत यशवंतरावांचे नाव घ्या. आणि मशीनगनपाशी पडलेले ते चौघे. त्यांची नावे घेता येणार नाहीत, त्यांना नुसतेच पाणी सोडा.