बांधलेल्या कुत्र्याचा कैवारी कोण?

औशाच्या शिवारात आखाडा असलेल्या एका माळकऱ्याने आम्हांस विचारले, "माऊली, रातच्याला कुत्रं खुंट्याला बांधलं होतं, ते जनावरानं नेलं. लांडगा होता का बिबट्या, अंधारात कळलं नाही. साखळी तेवढी उरली. शेजारी म्हणतात, मेल्या शेळीत विष घालून जनावर संपवा. पण गळ्यात माळ हाय. आता दोष कुणाचा म्हणायचा?"

आम्ही म्हणालो, बाबा, दोष साखळीचा. आणि साखळी आपली.

रानातल्या जनावराला एकादशी नाही. त्याची भूक देवानेच दिलेली. शिबी राजाच्या मांडीवर कबुतर येऊन बसले, तेव्हा राजाने ससाण्याची मान मुरगळली नाही. त्याचीही भूक खरी मानली आणि आपल्याच अंगचे मांस तराजूत घातले. शरण आलेल्याला राखायचे तर त्याचा खर्च राखणाऱ्याने सोसायचा, असा या कथेचा अर्थ आम्ही समजतो. आपल्याकडे तर कोणी मांसही मागत नाही. चार फळ्यांचे दार पुरे.

विष हा उपायच नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडगा आणि बिबट्या दोघांनाही अभय दिले आहे. शिवाय विषाचे मांस गिधाड खाते, कोल्हा खातो, शेजाऱ्याचे कुत्रेही खाते. एका जिवासाठी किती जीव घ्यायचे?

अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या खाण्यात वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. कारण साधे आहे. उसात लपायला आडोसा, वस्तीजवळ उकिरडा, उकिरड्यावर कुत्री, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या. उसाचे फड आपल्या लातुराकडेही कमी नाहीत.

म्हणून उकिरडा घरापासून लांब असावा. रात्री कुत्रा कोठ्यात घ्यावा, दाराला कडी लावावी. बिबट्या गळा धरतो. हिमालयातले मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी पट्टा घालतात तो यासाठीच. पण पट्टा काही दाराची जागा घेत नाही. मोकळा कुत्रा निदान पळेल, दाराशी येऊन ओरडेल. बांधलेल्याने काय करावे? कुत्रा चावा खाऊन वाचला, तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावा. पिसाळण्याची लस चुकवू नये.

भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे नामदेवराय तुपाची वाटी घेऊन धावले. कुत्र्याला सोडून धर्मराज स्वर्गातही जाईनात. कीर्तनात या कथा ऐकताना आपले डोळे भरून येतात. मग घरी जाऊन आपण आत कडी लावून निजतो, आणि आपल्याला राखणारा तेवढा उघड्यावर बांधलेला!

आषाढी आली की पंधरा-पंधरा दिवस आखाडे ओस पडतात. वारकऱ्याने पताका खांद्यावर घेण्याआधी एवढे पाहावे : कुत्र्याला भाकर कोण घालणार, रात्री आत कोण घेणार? भावकीत कोणाला तरी सांगून जावे. कोणीच नसेल, तर एखादे वर्ष घरूनच हात जोडावेत. विटेवरचा तो अठ्ठावीस युगे उभा आहे, आणखी एक वर्ष आपली वाट पाहील. खुंट्याला बांधलेल्याला मात्र रात्र निघत नाही.

रामकृष्ण हरि.