सर्वांत थंड रात्र कोणती?

फेब्रुवारीच्या अखेरीस एका शनिवारी, दिवस कलायला लागला की कॅनडातल्या शंभराहून अधिक गावाशहरांत माणसं घोळक्यांनी चालायला निघतात. ‘कोल्डेस्ट नाइट ऑफ द इयर’, वर्षातली सर्वांत थंड रात्र, असं या चालण्याचं नाव. २०११ पासून ते दर हिवाळ्यात होत आलं आहे. अंतर काही फार नाही, दोन किंवा पाच किलोमीटर. आप्तेष्टांकडून ठरावीक रक्कम जमवली की लोकरीची टोपी मिळते. तिकडे तिला ‘टूक’ म्हणतात. वाटेत घटकाभर टेकायला जागा, तिथे गरम पेय, चालून आल्यावर जेवण. जमलेला पैसा त्या त्या गावात बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडे जातो. या उपक्रमाचं नाव फसवं आहे, असं माझं मत आहे. तरीही तो चालू राहावा, असंही मला वाटतं. फक्त ज्या कारणासाठी त्याचं कौतुक होतं, त्या कारणासाठी नव्हे.

आधी नावाबद्दल. थंडीने मरण म्हटलं की डोळ्यांपुढे उणे तीस अंशांची, हाडं गोठवणारी रात्र येते. टोरांटोतल्या संशोधकांनी २००४ ते २०१५ या काळातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा बेघर माणसांचं शरीर जिवावर बेतेल इतकं गारठल्याच्या ९७ घटना त्यांना सापडल्या. त्यांतले १८ जण दगावले होते. पारा जसा उतरतो तसा धोका वाढतो, हे त्यात दिसलंच. पण बहुतेक घटना कडाक्याच्या रात्री घडलेल्या नव्हत्या. त्या मध्यम किंवा सौम्य थंडीतल्या होत्या, आणि पाऊस पडला की धोका वाढत होता. याचं गणित अवघड नाही. फार थंड रात्री मोजक्याच असतात, आणि त्यांचा इशारा आला की शहर हलतं. वॉर्मिंग सेंटरं उघडतात, स्वयंसेवक रस्त्यांवर फिरतात, बातम्यांत सूचना येतात. दोन अंशांवर पाऊस भुरभुरत असतो तेव्हा कुणीच हलत नाही. त्या रात्री माणूस भिजतो. मोजे बुटातच ओले होतात, ते वाळवायला जागा नसते, आणि उद्याही तेच मोजे घालायचे असतात. ओलं कापड अंगातली ऊब कोरड्या हवेपेक्षा कितीतरी वेगाने ओढून घेतं. टोरांटोत अनेक वर्षं इशाऱ्याचा आकडा उणे पंधरा होता. पुढे वॉर्मिंग सेंटर उघडण्यासाठी तो उणे पाचवर आणला. आकडा बदलला हे बरंच झालं, पण आकडा कुठलाही ठेवला तरी त्याच्या एक अंश वरची रात्र उरतेच.

म्हणजे दुखणं थंडीचं नाही. मराठीत आपण ‘बेघर’ म्हणतो, त्या शब्दातच रोगाचं निदान आहे. ‘बेऊब’ असा शब्द आपण केलेला नाही. १९९३ मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने नव्या सामाजिक घरबांधणीसाठी पैसे देणं थांबवलं. घर बांधायला जशी वर्षं लागतात, तशी न बांधलेल्या घराची उणीव कळायलाही लागतात. १९९८ मध्ये टोरांटोतले कार्यकर्ते बेघरपणाला राष्ट्रीय आपत्ती म्हणून जाहीर करा, अशी मागणी करत होते. उपाय काय, हाही प्रश्न आता अंधारातला राहिलेला नाही. २००९ ते २०१३ या काळात व्हँकुव्हर, विनिपेग, टोरांटो, मॉन्ट्रियल आणि मॉन्क्टन या पाच शहरांत मानसिक आजार असलेल्या दोन हजारांहून अधिक बेघर माणसांवर एक मोठा प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला आधी घर दिलं, दारू सोडायची किंवा औषधं घ्यायची अट न घालता. मदतनीस नंतर घरी येत राहिले. दुसऱ्या गटाला शहरात ज्या सोयी होत्या त्याच मिळाल्या. अभ्यासाच्या शेवटच्या सहा महिन्यांत पहिल्या गटातले ६२ टक्के लोक पूर्ण वेळ घरात होते, दुसऱ्यातले ३१ टक्के. ‘घर दिलं तरी ही माणसं टिकणार नाहीत’ हे म्हणणं इथे निम्मं तरी कोसळतं. निम्मं अशासाठी की पहिल्या गटातल्या साधारण सहांपैकी एकाला त्या काळात घर मिळालं नव्हतं किंवा टिकलं नव्हतं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. खर्चाचंही तसंच. ज्यांच्यावर सरकारचा आधीच सर्वाधिक खर्च होत होता, त्या दहा टक्क्यांच्या बाबतीत घरावर घातलेल्या दर दहा डॉलरमागे इतर सेवांवरचे वीसहून अधिक डॉलर वाचले. बाकीच्यांच्या बाबतीत घातलेले पैसे पुरते वसूल झाले नाहीत. घर देणं दर वेळी स्वस्त पडतं असं सांगणारे लोक चांगल्या बाजूचे असले तरी हिशेबात थोडे सैल आहेत.

हे सगळं ठाऊक असताना टोपी घालून पाच किलोमीटर कशाला चालायचं? टीकाकार दोन गोष्टी म्हणतात. पहिली अशी की हे गरिबीचं सोंग आहे: दोन तास गारठायचं आणि मग गाडीत हीटर लावून घरी जायचं. हे मला मान्य आहे, पण त्याने फार काही बिघडतं असं वाटत नाही. अडचण तेव्हा होते, जेव्हा चालणारा म्हणतो, ‘आता मला कळलं ते कसं जगतात.’ त्याला कळलेली असते फक्त थंडी. सामान चोरीला जाण्याची भीती, प्रातर्विधीसाठीची शोधाशोध, सरकारी पत्र यायला पत्ता नसणं, यातलं काही त्या वाटेवर नसतं. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: दानाने सरकारची जबाबदारी झाकली जाते. यावर संस्था चालवणारे विचारतील, मग या महिन्याचं वीजबिल कोण भरणार? सरकारी अनुदान बहुधा ठरावीक कामाला बांधलेलं येतं. शिधा, मोजे, रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याचा पगार यांना मोकळा पैसा लागतो, आणि तो असाच जमतो. एखाद्याला आज रात्री जेवण न देता धोरण बदलायची वाट बघा म्हणणं हा क्रूरपणा आहे, मग तो कितीही तर्कशुद्ध असो.

चालून मागण्याचा सर्वांत मोठा प्रयोग मराठी माणसाला परका नाही. गागोद्यात जन्मलेले विनोबा १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत होते. भूमिहीन कुटुंबांनी ८० एकर मागितले, एका जमीनदाराने तिथेच १०० एकर देऊ केले, आणि पुढे वर्षानुवर्षं विनोबा पायी फिरत राहिले. त्यांची मागणी नेमकी होती. भूमिहीनाला घोंगडी द्या असं ते म्हणाले नाहीत, जमीन द्या म्हणाले. दानपत्रांवर चाळीस लाख एकरांच्या वर आकडा गेला. मात्र त्यातली बरीच जमीन नापीक किंवा वादातली निघाली, आणि मोठा भाग कधी वाटलाच गेला नाही. पायांनी वचन मिळवलं, पण सातबाऱ्यावर नाव चढवणारी कचेरी पायांच्या वेगाने चालत नव्हती. भूदानाची थोरवी आणि त्याचं अपयश, दोन्ही इथे कामाला येतात. चालणाऱ्याने काय मागायचं ते नेमकं मागावं, आणि चालून झाल्यावर कचेरीपर्यंत जावं.

ती कचेरी कॅनडात कुठे आहे? ऑन्टारियो प्रांतात एखाद्या जागेचा मंजूर वापर बदलायचा, म्हणजे समजा तिथे बेघरांसाठी इमारत उभी करायची, तर जाहीर सभा घ्यावी लागते आणि साधारणपणे १२० मीटरच्या आतल्या जमीनमालकांना सूचना पाठवावी लागते. हा नियम वाईट हेतूने केलेला नाही. पण त्याचा परिणाम बघा: ज्याच्यासाठी इमारत बांधायची, त्याच्याकडे सूचना टाकायला दारच नसतं. सभेला येतात ते विरोध करायला. पार्किंग कमी पडेल, शाळा जवळ आहे, घरांच्या किमती उतरतील. यातल्या काही काळज्या खोट्या नसतात. वाईट चालवलेला निवारा शेजाऱ्यांना खरोखर त्रास देतो. परंतु चांगला चालवण्याच्या अटी घालायलाही सभेत कुणीतरी बसावं लागतं. फेब्रुवारीत टोपी घालून चालणारे शेकडो लोक अशाच शहरांत राहतात, त्यांतल्या अनेकांची घरं अशाच एखाद्या १२० मीटरमध्ये येतात. या चालण्याची खरी कमाई म्हणजे चालणाऱ्यांच्या नावांची यादी, आणि दुर्दैवाने तिचा उपयोग बहुधा पुढच्या वर्षीच्या टोपीसाठी होतो. राजकारण आलं की देणगीदार पळतील, अशी भीती घातली जाते. काही पळतीलही. कायद्याची आडकाठी मात्र आता नाही: २०१८ च्या अखेरीस कॅनडाने आयकर कायदा बदलला आणि धर्मादाय संस्थांना, पक्षाचा प्रचार सोडून, आपल्या कामाशी संबंधित धोरणांवर हवं तितकं बोलण्याची मुभा दिली. नोंदणीच्या कागदावर एक चौकट वाढवायला काय लागतं? ‘आपल्या वॉर्डात निवाऱ्याची सभा असेल तेव्हा कळवू का?’ दहा जणांपैकी एकाने जरी हो म्हटलं, तरी त्या सभागृहातला सूर बदलेल.

टोरांटोत होली ट्रिनिटी नावाचं एक जुनं चर्च आहे, मोठ्या मॉलला अगदी खेटून. तिथे बेघर अवस्थेत मेलेल्यांच्या नावांची यादी ठेवलेली आहे. काही ठिकाणी नाव नाही, नुसतं ‘जॉन डो’ किंवा ‘जेन डो’, आपल्याकडे पोलीस ‘अनोळखी इसम’ लिहितात तसं. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी लोक जमतात आणि नवी नावं वाचली जातात. जुलैतल्या मंगळवारीही वाचली जातात.