आगाऊ प्रायश्चित्त

जाणूनबुजून केलेले पाप प्रायश्चित्ताने फिटते का, यावर आपल्या धर्मशास्त्रकारांनी बराच खल केला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीचा निवाडा असा की, नकळत घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते. ठरवून केलेले जात नाही, फक्त करणारा पुन्हा समाजात व्यवहाराला योग्य ठरतो. मनुस्मृतीने मात्र ठरवून केलेल्या पापालाही प्रायश्चित्त आहे असे मानणाऱ्यांचे मत नोंदवले आहे, म्हणजे वाद तेव्हाही मिटलेला नव्हता. गॅस हायड्रेटमधून मिथेन काढायचा आणि त्याच जागी कार्बन डायऑक्साइड कोंडायचा, या योजनेला तो जुना निवाडा लावून पाहावा असे मला वाटते. मिथेन जाळणे याला पाप म्हणायचे नसेल तर ऋण म्हणा. मुद्दा बदलत नाही. एरवी कर्म आधी आणि परिमार्जन मागाहून असते. इथे परिमार्जन हेच कर्माचे साधन आहे.

थंडी आणि दाब पुरेसा असला की पाण्याचे रेणू मिथेनभोवती बर्फासारखे पिंजरे बांधतात. अशा एका घनमीटर हायड्रेटमध्ये सुमारे १६० घनमीटर वायू मावतो. त्या थंडीत मोठ्या पिंजऱ्यांत कार्बन डायऑक्साइड अधिक पक्का बसतो आणि मिथेनला बाहेर ढकलतो. मिथेनचा एक रेणू जाळला की कार्बन डायऑक्साइडचाही एकच तयार होतो. कागदावर हिशेब इतका चोख जुळतो की तिथेच शंका यावी. अलास्काच्या उत्तर उतारावर २०१२ मध्ये ‘इग्निक सिकुमी’ विहिरीत हा प्रयोग झाला. नुसता कार्बन डायऑक्साइड सोडला तर तो मोकळ्या पाण्याशी गोठून वाट बुजवतो, म्हणून त्यात तिपटीहून जास्त नायट्रोजन मिसळला. कार्बन डायऑक्साइड गेला जेमतेम १,४०० घनमीटर, त्यातलाही सुमारे ४० टक्के परत वर आला. मिथेन निघाला जवळपास २४,००० घनमीटर. त्यातला बराचसा दाब उतरवल्यामुळे सुटलेला होता आणि प्रयोग पद्धत तपासण्यासाठी होता, ताळेबंद जुळवण्यासाठी नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण पिंजऱ्यातली अदलाबदल आणि विहिरीतून येणारा वायू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यातून दिसते.

यावर पहिला आक्षेप असा की वातावरणाला हेतू कळत नाही; रेणू मोजा, पाप-पुण्य कशाला? कबूल. मग नीट मोजू. जो कार्बन डायऑक्साइड गाडला तो एखाद्या औष्णिक केंद्राच्या धुराड्यातून पकडलेला. ते केंद्र म्हणणार, आमचा धूर फिटला. विहिरीवाले म्हणणार, आमचा वायू निर्मळ. एकाच दानाचे पुण्य दोघांच्या नावावर! धूर त्या केंद्राच्या खाती फिटला असेल, तर घरोघरी जळणारा मिथेन बिनभरपाईचाच राहतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कोळशापेक्षा वायू बरा, आणि ज्या देशाला वायू आयात करावा लागतो त्याला हे उपदेश परवडत नाहीत. खरे आहे. मात्र हे समर्थन गरजेचे आहे, शुद्धीचे नाही. गरज म्हणून काढलेल्या वायूला गळती किती, कोळसा खरेच किती कमी झाला, असे प्रश्न विचारता येतात. ‘कार्बन गाडला आहे’ म्हटले की ते प्रश्नच तोंडातल्या तोंडात राहतात, आणि माझा राग त्यावर आहे.

कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या समुद्रतळाखाली २००६ च्या मोहिमेत हायड्रेटचे साठे सापडले. ओएनजीसीचे याच विषयाचे संशोधन केंद्र आपल्या पनवेलला आहे. उद्या त्या खोऱ्यात अशी विहीर खणायची ठरली, तर काढलेला मिथेन आणि गाडलेला कार्बन डायऑक्साइड यांची नोंद दोन निरनिराळ्या खात्यांत व्हावी, एकाची वजावट दुसऱ्यातून करू नये, आणि पिंजरे पुढे शाबूत राहतात की नाही हे कोणी, किती वर्षे तपासायचे ते परवान्यातच लिहिलेले असावे.