उचललेली कड

जुन्या गाडीत बसलं की डॅशबोर्डकडे नजर जाते. समोरच्या काचेजवळ रेक्झीन कडेने सुटलेलं असतं. आधी नखभर, मग बोटभर. सिग्नलला गाडी थांबली की चालवणाऱ्याचं बोट आपसूक तिथे जातं. जरा दाबून बघायचं, जरा उचलून बघायचं, खालचा भुसभुशीत फोम कुरतडायचा. तेवढ्यात हिरवा दिवा लागतो. महिन्याभरात ती कड आणखी वर आलेली असते. पद्मिनीच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्या २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या गेल्या. त्यांना वीस वर्षांची मर्यादा होती, आणि शेवटची गाडी ताडदेवच्या आरटीओत २००३ साली नोंदलेली होती. पण घरच्या म्हणून जपलेल्या पद्मिनी फिएट अजून दिसतात. मच्छीमार नगराच्या तोंडाशी अशीच एक उभी असते. तिचे मालक आता सत्तरीला आले आहेत. सुटलेली कड चिकटवताना त्यांना पाहिलं आणि तो दिवस फार चांगला गेला.

रेक्झीन उचलतं त्याला कारण आहे. विनाईल मुळात कडक. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य मिसळतात. बंद गाडी उन्हात उभी राहिली की डॅशबोर्ड साठ-सत्तर अंशांपर्यंत तापतो, आणि ते द्रव्य वर्षानुवर्षं थोडं थोडं उडून जातं. काचेला आतून जो धुरकट थर धरतो, रात्री समोरच्या दिव्यांत डोळ्यांना त्रास देतो, त्यातला बराचसा हाच. द्रव्य गेलं की रेक्झीन आखडतं, खालचा गोंदही तोवर वाळून पापड झालेला असतो, आणि कड सुटते. अशी कड ओढून काचेपर्यंत नेऊ म्हटलं तर फाटतेच. त्या मालक काकांनी आधी दोन्ही दारं उघडी टाकली. केस वाळवायचं यंत्र लांबून फिरवत कड कोमट केली. एका जागी धरलं नाही. रेक्झीन मऊ पडल्यावर खालचा जुना गोंद आणि फोमची भुकटी ब्रशने काढली. यात त्यांचा अर्धा वेळ गेला असेल. मग गोंद. लाकडाचा पांढरा फेव्हिकॉल इथे चालत नाही, रेक्झीनखाली तो नीट सुकतच नाही. इथे लागतो सुतार सनमायका लावायला वापरतात तो पिवळसर फेव्हिकॉल एसआर. तो दोन्ही बाजूंना लावायचा, पातळ हाताने. आणि थांबायचं. बोट लावलं तर बोटाला येत नाही इतका सुकला, की मगच दोन्ही बाजू एकमेकींवर टेकवायच्या. ओला असताना घाईने दाबला तर उन्हात पुन्हा सुटतो. त्या दहा-पंधरा मिनिटांत काकांनी चहा घेतला, गोंदाला हात लावला नाही. नंतर आतून काचेकडे दाबत नेलं, वर जुनं धोतर अंथरलं आणि वाळूच्या पिशव्या रात्रभर ठेवल्या. आखडलेलं रेक्झीन काचेपर्यंत पुरलं नाहीच, बोटभर फट राहिली. तिच्यावर त्यांनी काळी पट्टी बसवली.

पलीकडे किनाऱ्यावर जाळी सांधायचं काम चाललेलं असतं, पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा तर दिवसभर. फाटलेल्या जाळ्याला येता-जाता कुणी बोटं घालत नाही. फाटका भाग पसरून घेतात. तुटकी टोकं कापून जागा साफ करतात. एक बाजू पायाच्या अंगठ्यात धरून ताणतात आणि मग सुई चालते. आस, म्हणजे जाळ्याचं छिद्र, लहानमोठी झाली तर मासळी निसटेल, म्हणून हात सावकाश. दुखऱ्या जागेला रोज हात लावायचा नाही. एकदाच, पण बसून लावायचा. ही सवय मला फार मोलाची वाटते, कारण घरात आपण नेमकं उलटं करतो. गेल्या गणपतीला दादा-वहिनी आले नाहीत. तेव्हापासून प्रत्येक फोनवर ते एक वाक्य येतंच. मोठं भांडण नाही, फक्त बोट घालून बघणं. "तुम्ही काय, मोठी माणसं, तुम्हाला कुठला वेळ!" हसत म्हटलं तरी दर वेळी कड थोडी वर येते. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नसतं. त्याला ते लोक यायला हवे होते, एवढंच त्यामागे असतं.

मग ते एवढंच एकदा सांगावं. फोनवर नाही, घाईत नाही. आधी इकडचं-तिकडचं बोलून माणूस जरा मोकळा होऊ द्यावा. आपल्या मनातलं सांगावं आणि त्यांच्याही मनात काय होतं ते विचारावं. कदाचित वहिनींच्या आईचं आजारपण असेल, ते आपण ऐकूनच घेतलं नसेल. उत्तर लगेच आलं नाही तर आलं नाही. थोडी फट राहील, राहू दे. आज संध्याकाळी दादाचा फोन आला तर गणपतीचा विषय काढू नका. रविवारी दुपारी येतोय म्हणून सांगा, आणि जाताना वहिनींसाठी पावशेर सोडे घेऊन जा.